कडी लावून अंघोळ

"वहिनी, ते कपडे वाळत घालायचं राहू द्या जरा, इकडे भिंतीपाशी या. शेफील्डचं सगळं सांगायचंच राहिलंय."

"अगंबाई, ताई! कधी आलात? थंडी फार होती म्हणे?"

"थंडीचं काय घेऊन बसलात, थंडी सगळेच सांगतात. मी मुलाच्या शेजारणीचं सांगते. आपलीच आहे, सांगलीची. पस्तिशीच्या आतबाहेर. दोघांच्या परसांमध्ये लाकडी कुंपण, माझ्या खांद्याला लागेल एवढं. जरा ऊन पडलं की ती तिकडून कपड्यांची बादली घेऊन येणार, मी इकडून. आणि तिच्या पायाशी कुत्रा. काळा, लॅब्रेडॉरच्या जातीतला. टोबी नाव. ती चार पावलं सरकली की तो चार पावलं सरकणार. नवरासुद्धा इतका मागे-मागे करत नाही कुणाचा."

"मूलबाळ नसेल, मग कुत्रं पाळलं असेल. तिकडे असतं तसं."

"अगदी हेच तिथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात कानात सांगितलं! म्हणजे पुण्यापासून शेफील्डपर्यंत बायका एकच विचार करतात म्हणायचं. तसं काही नाही हो. तिला फिट येते."

"फिट? म्हणजे… फेफरं?"

"आवाज कशाला खाली करता? ती स्वतः कुंपणावरून मोठ्याने सांगते. अपस्मार. आठवीत असताना शाळेच्या प्रार्थनेला पहिल्यांदा पडली. तेव्हापासून गोळ्या चालू, किती प्रकारच्या झाल्या, तरी अधूनमधून येतेच. बहुतेकांची गोळ्यांनी आटोक्यात राहते हो. नीट उपचार मिळाले तर शंभरातले सत्तर जण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. ही बिचारी उरलेल्या तिसांतली."

"तुम्हाला बरे आकडे पाठ!"

"हे होते ना बरोबर. जन्मभर केमिस्ट्री शिकवली, आता रिटायर झाले तरी कुणी काही सांगितलं की 'पुरावा काय?' विचारल्याशिवाय घास उतरत नाही. त्या कुत्र्याच्या तर मागेच लागले होते. सांगते ते. तर हा टोबी म्हणजे नुसता पाळलेला कुत्रा नाही. तिला फिट येणार असली की तो आधी सांगतो."

"सांगतो म्हणजे?"

"ती ओट्याशी भाजी चिरत असते. हा कोपऱ्यात झोपलेला. एकदम उठतो, तिच्यासमोर येऊन बसतो आणि टक लावून बघत राहतो. तिने दुर्लक्ष केलं की पंजा मारतो. तरी नाही ऐकलं की भुंकतो, आणि ती खाली बसेपर्यंत गप्प म्हणून होत नाही. 'काकू, हा असं करायला लागला की माझ्या हातात साधारण वीस मिनिटं असतात,' म्हणाली. तेवढ्यात ती गॅस बंद करते, सुरी आत ठेवते, नवऱ्याला फोन करते, खाली गालिच्यावर उशी घेऊन आडवी होते. टोबीला त्याचा खाऊ द्यायचा, तो मात्र विसरायचा नाही. कारण त्याच्या लेखी ही सगळी नोकरी खाऊसाठीच आहे. फिट येऊन जाते, हा शेजारी पडून असतो. ती भानावर येते तेव्हा पहिलं दिसतं ते त्याचं काळं नाक."

"आणि तिला स्वतःला आधी काही कळत नाही?"

"काहींना कळतं म्हणे, पोटात कसंसंच होतं, नसलेला वास येतो. हिला काहीच नाही. दिवा मालवावा तशी जाते. म्हणूनच तर कुत्रा."

"आणि हे त्याला कुणी शिकवलं? की उपजत?"

"शेफील्डमध्येच एक संस्था आहे, 'सपोर्ट डॉग्ज' नावाची, १९९२ पासून. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी, अपंगांसाठी आणि फिटवाल्यांसाठी अशी तीन तऱ्हेची कुत्री तयार करतात. पैसे घेत नाहीत, सगळं देणग्यांवर. गंमत अशी की फिट ओळखणारा कुत्रा आयता तयार करून देता येत नाही. ज्या माणसासाठी तो आहे, त्याच माणसाबरोबर त्याला ठेवावं लागतं, त्याच्या फिट त्याने बघाव्या लागतात. मग प्रत्येक फिटला बक्षीस, प्रत्येक फिटला बक्षीस. हळूहळू त्या जनावराच्या लक्षात येतं की या बाईचं असं-असं झालं की पुढे खाऊ आहे. मग तो खाऊ जरा लवकर मागायला लागतो. झालं!"

"म्हणजे लाचच की!"

"ह्यांनी हेच म्हटलं. वर म्हणाले, योगायोग असेल. कुत्री भुंकतातच, फिटही येतातच, दोन्ही एका दिवशी झालं की लक्षात राहतं आणि नाही झालं की विसरलं जातं. मी म्हटलं, परक्या मुलीच्या तोंडावर बोलू नका असं. पण ती कुठली ऐकते! कुंपणावरूनच म्हणाली, 'काका, १९९९ साली इथल्याच लोकांनी सहा कुत्र्यांवरचा निबंध छापलाय. पंधरा ते पंचेचाळीस मिनिटं आधी सूचना देत होती.' हे म्हणाले, 'सहाच?' आणि त्या दिवसापासून लॅपटॉप घेऊन बसले."

"आणि सापडलं काय?"

"फ्रान्समध्ये रेन म्हणून गाव आहे, तिथल्या विद्यापीठाचा २०१९ सालचा प्रयोग सापडला. फिट आलेल्या माणसांचा श्वास आणि घाम डब्यांत भरला, त्याच माणसांचा एरवीचाही भरला, आणि पाच कुत्र्यांना हुंगायला दिला. तीन कुत्र्यांनी एकही चूक केली नाही. दोघांना तीनांतले दोन ओळखता आले. म्हणजे फिटला वास असतो हे नक्की, आणि निरनिराळ्या माणसांच्या फिटचा तो सारखाच असतो. पुढे २०२१ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाने तर साध्या घरगुती कुत्र्यांना, काही न शिकवता, तसे वास दिले. एकोणीस कुत्री होती, सगळ्यांच्या वागण्यात फरक पडला."

"म्हणजे तुमचे हे हरले."

"हरतात कसले! म्हणाले, 'रेनचा तो वास फिट चालू असतानाचा झाला. आधी वीस मिनिटं कुत्र्याला काय कळतं, ते यातून सिद्ध होत नाही.' आणि खरं सांगू का, त्यांचं ते बरोबर होतं. तिनेही मान्य केलं. शिवाय तिनेच आणखी एक सांगितलं, जे मला आवडलं, कारण आपल्या बाजूचं नसलेलंही सांगितलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशी सूचना देणारी कुत्री असलेल्या काही रुग्णांना दवाखान्यात ठेवून मेंदूचा आलेख काढला, तर काहींच्या फिट अपस्माराच्या नव्हत्याच, मनावरच्या ताणामुळे येणाऱ्या निघाल्या. कुत्रा खोटं बोलत नव्हता, पण आजार वेगळा होता. म्हणून त्या संस्थेत आधी डॉक्टरांचं निदान पक्कं लागतं, मग कुत्रा."

"पण कुत्र्यामुळे फिट कमी होतात का?"

"हॉलंडमध्ये पंचवीस जणांवर अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला. सरासरी एकतीस टक्क्यांनी कमी झाल्या. हिच्या किती कमी झाल्या मी विचारलं, तर हसली. 'थोड्या झाल्या असतील काकू, मी मोजायचं सोडलंय.' मला ते नवल वाटलं. ज्याच्यासाठी कुत्रा आणला तेच मोजायचं सोडलं? मग कशासाठी आणलास ग, असं विचारलं मी. आणि वहिनी, तिने जे सांगितलं ना, ते ऐकायला तुम्हाला बोलावलं."

"सांगा की मग, किती ताणाल!"

"म्हणाली, 'काकू, आठवीनंतर मी पहिल्यांदा कडी लावून अंघोळ केली ती टोबी आल्यावर.'"

"अगंबाई."

"विचार करा हं. आठवीतली मुलगी. तेव्हापासून न्हाणीघराचं दार लोटलेलं आणि बाहेर पाटावर आई. दर दोन मिनिटांनी, 'आहेस ना ग?' आतून उत्तर, 'आहे.' कॉलेजात गेली तरी तेच. जिन्यात पुढे भाऊ, मागे बाबा. गच्चीवर बंदी, विहिरीकडे बंदी, पोहायला बंदी, सहलीला बंदी. रात्री आई शेजारी, आणि आईची झोप तर काय, कूस बदलली तरी उठून बसणार. कोणी वाईट नव्हतं हो. सगळं मायेनेच. पण ती म्हणाली, 'मला आयुष्यात कधी कुणी एकटं टाकलं नाही, आणि मला तेच तर हवं होतं.' लग्न होऊन शेफील्डला गेली तर आईच्या जागी नवरा. ऑफिसातून अर्ध्या-अर्ध्या तासाने फोन. उचलला नाही की धावत घरी. दोनदा तर बिचारा मीटिंग टाकून आला, आणि ही आपली केस वाळवत होती, तो ड्रायर सुरू होता म्हणून ऐकू आलं नाही."

"आता तो फोन करत नाही?"

"जेवायच्या सुट्टीत एकदा. तोही भाजी काय आणू विचारायला. कुत्रा आल्यावर त्याचं वजन वाढलं म्हणे. मला वाटतं वहिनी, औषध तिला चालू आहे, पण कुत्र्याचा गुण आला तो नवऱ्याला."

"पण कडी लावल्यावर आतमध्येच काही झालं तर? दार फोडायचं?"

"मीही हेच विचारलं. तर तिकडे न्हाणीघराची कडी अशी मिळते की बाहेरच्या बाजूला एक खाच असते, त्यात नाणं घालून फिरवलं की उघडते. ती मुद्दाम बसवून घेतलीय. टबात पाणी भरून बसत नाही, शॉवरच घेते. आणि टोबी आत, पायपुसण्यावर. त्याला बाहेर ठेवून कडी लावायची नाही, हा नियम. बाई वेडी नाही. सगळं बघून केलंय."

"मला मात्र कुत्रं न्हाणीघरात म्हणजे… आणि देवघरात?"

"देवघराच्या दारात बसतो, आत जात नाही. मी म्हटलं, दत्ताच्या पायाशी चार-चार चालतात आपल्याला, हा एक दारात बसला तर काय बिघडलं! पण केस, वहिनी! पोळीच्या पिठापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत काळे केस. रोज फणी, रोज झाडू. पाऊस असो, बर्फ असो, दोन वेळा फिरवायचा. फिट येऊन गेली की ही दिवसभर आडवी, मग नवऱ्याने फिरवायचा. कुत्रा काही फुकट पडत नाही. संस्थेने दिला पैसे न घेता, पण मागचं सगळं यांच्याच डोक्यावर. आणि खाण्याचे नियम तर काय विचारता. मी बेसनाचे लाडू केले होते, पहिलाच लाडू तिने उलटसुलट करून बघितला. मला राग आला जरा. तर ती बेदाणे शोधत होती. बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्यांना विषारी. मूत्रपिंडंच जातात. चॉकलेट चालत नाही, कांदाही नाही."

"कांदा नाही? आपल्याकडे तर फिट आली की पहिला कांदाच!"

"तेच तर! मी तिला आपल्या वॉचमनचं सांगितलं. मागे तो गेटपाशी पडला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून एकजण कांदा फोडून घेऊन धावला, एकाने स्वतःची चप्पल काढून नाकाला लावली, आणि तिसऱ्याने किल्ल्यांचा जुडगा हातात कोंबला. ती पोट धरून हसली. म्हणाली, 'काकू, मला सांगलीत किती जणांच्या चपला हुंगायला लावल्यात! आपल्याकडे फिट आलेल्याला वास देतात, इकडे कुत्रा फिट आलेल्याचा वास घेतो.' मग जरा गप्प झाली. म्हणाली, 'शाळेत सगळ्यांच्या देखत सरांनी चप्पल लावली होती नाकाला. फिटचं काही आठवत नाही. चपलेचं आठवतं.'"

"…"

"हळदीकुंकवाची गंमत सांगते. संक्रांतीनंतर मंडळाचं होतं, एका सभागृहात. ही आली टोबीला घेऊन, जाकीट घालून. बाहेर जाकीट असलं की तो कामावर, त्याला हात लावायचा नाही, च्यक-च्यक करायचं नाही. अर्ध्या बायका पाय वर घेऊन खुर्चीत. कानात सांगणाऱ्या त्याच बाई म्हणाल्या, 'इथे वाण लुटतोय आपण, कुत्रं कशाला?' ही काही बोलली नाही. तिळगूळ वाटत होती. आणि टोबी उठला. तिच्या गुडघ्याला पंजा. एकदा, दोनदा. तिने ताट माझ्या हातात दिलं, सगळ्यांना म्हणाली, 'थोड्या वेळाने मला फिट येईल. घाबरू नका, मला धरू नका, तोंडात काही घालू नका. काकू घड्याळ बघतील. पाच मिनिटांच्या वर गेली तरच ॲम्ब्युलन्स.' आणि कोपऱ्यात साडी नीट करून, पिना काढून, शाल उशाला घेऊन पडली. वहिनी, नऊवारी नव्हे हो, पाचवारी पैठणी. पण ज्या बाईला साडी सावरून फिट घेता येते, तिच्या जिवाला किती बरं वाटत असेल!"

"आली मग?"

"आली. दोन मिनिटं असेल. मी घड्याळाकडे बघत होते म्हणून कळलं, नाहीतर तासभर वाटला असता. हातपाय झटकणं थांबल्यावर मी आणि आणखी एकीने तिला कुशीवर वळवलं. टोबी आडवा पडलेला, मान तिच्या पोटावर. आणि त्या कानात सांगणाऱ्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मी म्हटलं, कांदा शोधत असाल तर राहू द्या."

"ताई, तुम्ही पण!"

"मग काय. फटाक्यांनी मात्र हाल. दिवाळी आणि तिकडचा पाच नोव्हेंबर लागून येतात. पाच नोव्हेंबरला गोरे लोक होळी पेटवून फटाके उडवतात, सोळाशे पाच साली कुणीतरी त्यांची पार्लमेंट उडवणार होता, त्याची आठवण. टोबी पलंगाखाली. हिने रेडिओ मोठ्याने लावलेला, पडदे ओढलेले. त्या रात्री नवरा घरी, कारण कुत्र्यावर भरवसा नाही. म्हणजे कुत्र्यालाही सुट्टी लागतेच. आणखी एक, तो म्हातारा झाला की निवृत्त होणार. मग दुसरा. ती त्यावर बोलत नाही, मीही विचारलं नाही फार."

"आणि बाहेर कुठे-कुठे नेऊ देतात?"

"दुकानात, हॉटेलात, ट्राममध्ये. २०१० चा समानता कायदा आहे. टॅक्सीवाल्याला नाही म्हणता येत नाही, जादा पैसेही मागता येत नाहीत. तरी एखादा काच वर करून निघून जातो. गाडी तिला चालवता येत नाही, तिकडे वर्षभर फिट आली नाही तरच परवाना. पण बसचा पास फुकट. औषधंही फुकट. पुण्याला आणशील का टोबीला, विचारलं तर म्हणाली, 'विमानाचं बघून घेईन काकू, रिक्षावाल्याचं तुम्ही बघाल का?'"

"एवढं सगळं लग्नाच्या वेळी सांगितलं होतं का हो त्यांनी? मुलाकडच्यांना?"

"आलात मुद्द्यावर! आईचं म्हणणं होतं, सांगू नका, लग्नानंतर बघू. मामाने तर सांगितलं, कायद्याने लग्न मोडतं. तो कायदा जुना. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख होता, पण १९९९ मध्ये तो काढून टाकला. पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी मामा लोकांना अजून पत्ता नाही. हिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, कांदेपोहे पुढे ठेवायच्या आत. तो म्हणाला, फिट आल्यावर काय करायचं ते सांग. तिने सांगितलं. त्याने कागदावर लिहून घेतलं. मला विचाराल तर पत्रिकेत छत्तीस गुण जुळण्यापेक्षा तो कागद मोठा."

"ताई, एक सांगू? आमच्या नणंदेच्या मुलीला… तिचंही बघताहेत. आणि सांगितलेलं नाही कुणाला."

"मग सांगा म्हणावं. मेंदूच्या डॉक्टरांकडे नीट चालू आहे ना? गोळ्या मध्येच सोडत नाही ना? बरं वाटतंय म्हणून सोडतात आणि मग आपटतात. आणि तिच्या आईला सांगा, पाट उचला न्हाणीघरासमोरचा. कुत्रं नसलं तरी नाण्याने बाहेरून उघडणारी कडी आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानातही विचारून बघता येते. टबबिब तर आपल्याकडे नाहीच, बादलीपेक्षा शॉवरखाली खुर्ची ठेवून बसली तर पडायची भीती कमी. आणि आपल्या जिन्यातल्या सगळ्यांना एकदा नीट सांगून ठेवा, वॉचमनसाठी तरी: कांदा नको, चप्पल नको, किल्ल्या नकोत, तोंडात चमचा नको, पाणी नको, दाबून धरायचं नाही. आजूबाजूचं टोकदार बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काही, झटके थांबले की कुशीवर, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, किंवा एकीला लागून दुसरी आली, की १०८ लावायचा."